मुलांना लोकशाही शिकवणं हे सरकारचं काम आहे का? आणि सरकारला ते जमतं का?

तिसरी_घंटा | सोमवार, २२:१४

आमच्या लेकीच्या वर्गात (सातवी, मराठी माध्यम, अनुदानित शाळा, नाव विचारू नका) मागच्या आठवड्यात मॉनिटरची निवडणूक झाली. यंदा आपण लोकशाही पद्धतीने निवडू, असं बाईच म्हणाल्या. बुटाच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी, चिठ्ठ्या, दोन मुली निवडणूक अधिकारी, सगळं अगदी साग्रसंगीत. चव्वेचाळीस मुलं. आणि निवडून आला कोण, तर ज्याला आठवड्यातून तीनदा वर्गाबाहेर उभं करतात तो. एकोणतीस मतं! बाई जरा वेळ गप्प राहिल्या म्हणे, मग म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांनी गंमत केलीत, हे चालायचं नाही, मॉनिटर पहिली येणारी मुलगीच राहील.

लेक घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?"

हीच पोरगी रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका घडाघडा म्हणते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या सगळ्या शाळांत ती रोज वाचायची आहे. पाठ अगदी चोख, 'दर्जाची व संधीची समानता' सकट. पण 'आम्ही, भारताचे लोक' मधले 'आम्ही' म्हणजे कोण असं विचारलं तर म्हणाली, "मोठी माणसं".

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. नागरिक घडवणं हे सरकारचं काम मानायचं का? पुस्तकं सरकारची, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा सरकारची, आणि प्रश्न विचारायचे तेही सरकारलाच. हे जमायचं कसं? तुमचे अनुभव सांगा. बाईंना शिव्या घालू नका प्लीज, चांगल्या आहेत त्या.

टपरीवरचा_चहा | सोमवार, २२:३१

धागा पेटणार. रुमाल टाकून ठेवतो.

खडूफळा | सोमवार, २३:०५

ताई, आधी बाईंची बाजू घेतो. चव्वेचाळीस पोरांच्या वर्गात मॉनिटर म्हणजे बाईंचा तिसरा डोळा, तो पोरांचा प्रतिनिधी नसतोच. त्यामुळे त्यांची चूक एवढीच की नेमणुकीच्या पदाला निवडणूक लावली. वर्गाचा प्रतिनिधी वेगळा निवडायचा आणि फळा पुसणारा वेगळा नेमायचा, मग भानगड होत नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. दर जुलैत शालेय मंत्रिमंडळ निवडतो. आता मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं, उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह येतं, बटण दाबलं की तसाच लांबलचक बीप वाजतो, बोटाला मार्करची शाई. पोरं दोन दिवस आधीपासून झोपत नाहीत. प्रचाराला बंधन एकच, चॉकलेट वाटायचं नाही. (तरी वाटतात. गोळ्या वाटतात, चॉकलेट नाही, असं म्हणतात. वकील होतील साले.) मग आरोग्यमंत्री नखं बघतो, पाणीमंत्री टाकी भरली का बघतो, क्रीडामंत्र्याकडे चेंडू.

मागल्या साली मंत्रिमंडळाने ठराव केला की पोषण आहाराचा आठवड्याचा मेनू बदलून पाहिजे. मी लिहून घेतला आणि सांगितलं, बाळांनो हे माझ्या हातात नाही, वरून येतं. एक पोरगी म्हणाली, मग वर पाठवा. पाठवला. उत्तर आलं नाही. यंदा मंत्रिमंडळाने काहीच मागितलं नाही. तेही शिकलीच पोरं, काय शिकली ते तुम्ही ठरवा.

बाकी सरकारने लोकशाही शिकवावी की नाही मला माहीत नाही, पण लोकशाहीची हमाली माझ्याकडून करून घेतं हे नक्की. मतदार यादी, निवडणूक ड्युटी, जनगणना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळलंय. म्हणजे मी नागरिकशास्त्राचा तास बुडवून नागरिकांची यादी करत हिंडतो.

काळी_मिरी | सोमवार, २३:२०

"वकील होतील साले" =)) =))

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, ०८:४२

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला प्रकार आहे हा. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच तुम्हाला लक्ष कसं ठेवायचं ते शिकवणार?

एक साधा प्रयोग करा. घरातलं बालभारतीचं कुठलंही पुस्तक घ्या. पहिल्या पानांत काय सापडतं? राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका आणि अनुच्छेद ५१ क, म्हणजे नागरिकांची मूलभूत कर्तव्यं. मूलभूत हक्क तिथे आहेत का बघा. आणि ही कर्तव्यं मूळ संविधानात नव्हतीच, १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने घातली, आणीबाणीत, अर्धे विरोधी नेते तुरुंगात असताना! माझे वडील तेव्हा रेल्वेत होते. बातें कम काम ज्यादा, अनुशासन, वेळेवर गाड्या, सगळं नागरिकशास्त्रच होतं ते. भिंतीभिंतीवर लिहिलेलं. फक्त त्यात तोंड उघडायची सोय नव्हती.

त्यामुळे सरकारने रस्ते करावेत, पाणी द्यावं. नागरिक आम्ही आमचे घडू.

भातुकली | मंगळवार, ०९:१५

@उंटावरचा_शहाणा, आत्ता सहावीच्या पुस्तकात बघितलं. खरंच कर्तव्यंच आहेत. इतकी वर्षं पुस्तकांना कव्हरं घालतेय, कधी लक्षात नाही आलं.

पण "आमचे आम्ही घडू" ला आक्षेप. आमची सोसायटी बघा. ५६ फ्लॅट, सगळे पदवीधर, दोन पीएचडी. वार्षिक सर्वसाधारण सभेला येतात चौदा, त्यातले सहा वडापाव होईपर्यंत थांबतात. चेअरमन सतरा वर्षं तेच, कारण दुसरं कुणी फॉर्मच भरत नाही. आणि शिव्या द्यायला व्हॉट्सॲप ग्रुपवर छप्पन्नच्या छप्पन्न. सरकारने काही न करता घडलेले नागरिक ते हे.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, ०९:२८

ते चौदा पण सरकारी पुस्तक शिकूनच आलेत ना ;)

श्टुटगार्टकर | मंगळवार, १३:५० (इकडे जेवणाची सुट्टी)

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

मी दहा वर्षं इथे आहे, मुलगा इथल्या शाळेत. जर्मनीत हे काम सरकार उघडपणे करतं, त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्थाच आहे, राजकीय शिक्षणाची. १९५२ साली बॉनमध्ये सुरू झाली, गृहखात्याच्या अखत्यारीत. कारण सांगायला नकोच, हिटलर मतपेटीच्या वाटेवरूनच सत्तेच्या दारापर्यंत पोचला होता. नुसती घटना लिहून भागत नाही, ती सांभाळणारी माणसं लागतात, हे त्यांना फार महागात पडून कळलं. ही संस्था अगदी नाममात्र पैशात जाडजाड पुस्तकं विकते, माझ्याकडे अर्धं कपाट भरलंय. २००२ पासून निवडणुकीआधी त्यांचा एक ऑनलाइन खेळ असतो, तीसचाळीस विधानं येतात, तुम्ही सहमत, असहमत किंवा तटस्थ म्हणायचं, आणि पक्षांनी स्वतः दिलेल्या उत्तरांशी ते ताडून कोण तुमच्या किती जवळ ते कळतं. आमच्या ऑफिसात निवडणुकीआधी सगळे जेवताना तेच करत बसतात आणि एखाद्याचा निकाल भलताच आला की त्याची महिनाभर चेष्टा.

आता शहाणे साहेबांचा मुद्दा. तो इथेही आला होता. सत्तरच्या दशकात शाळेत राजकारण शिकवण्यावरून डावे उजवे शिक्षणतज्ज्ञ एकमेकांच्या उरावर बसले होते. १९७६ साली आमच्यापासून लोकलने अर्ध्या तासावर बॉयटल्सबाख म्हणून द्राक्षमळ्यांचं गाव आहे तिथे त्यांना एकत्र बसवलं. त्यातून तीन गोष्टी निघाल्या. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला स्वतःचं हित ओळखून त्यासाठी काय करता येईल हे कळलं पाहिजे. कायदा वगैरे नाही, पण इथल्या शिक्षकांच्या तोंडी हे तीन नियम आपल्याकडे पाढे असावेत तसे असतात.

गंमत म्हणजे तेव्हा पलीकडे पूर्व जर्मनीतही नागरिकशास्त्र होतं, सक्तीचं. त्यात उत्तर एकच असायचं. म्हणजे सरकारने शिकवलं की दोन्ही होऊ शकतं.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, १४:१०

आणि एवढं शिकवून त्या पूर्वेत आज कोणाला मतं पडतात तेही सांगा की.

श्टुटगार्टकर | मंगळवार, १७:३५

मान्य, आणि ते फक्त पूर्वेत नाही. तिथे मतं घेणाऱ्या त्याच एएफडी या अतिउजव्या पक्षाने २०१८ मध्ये हांबुर्गात एक पोर्टल काढलं, शिक्षक वर्गात आमच्याविरुद्ध बोलले तर तक्रार करा म्हणून. आधार कशाचा घेतला? मत लादायचं नाही या नियमाचाच! मुलाच्या वर्गशिक्षिका पालकसभेत म्हणाल्या, मत लादायचं नाही याचा अर्थ मला मत नाही असा होत नाही. वाद अजून चालू आहे. सत्तर वर्षं झाली तरी त्यांचा कोर्स संपलेला नाही एवढंच म्हणतो.

पानपट्टी | मंगळवार, १७:५२

जर्मनीचं कौतुक ऐकून कान किटले. आमच्याकडे पण सरकारने शिकवलंय, फार मोठी गोष्ट शिकवलीय, पण शाळेत नाही. १९५१-५२ ची पहिली निवडणूक. पाचात एकालाही धड लिहितावाचता येत नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चिन्ह, मतपत्रिका त्या पेटीत टाकली की झालं. मतदार याद्या करायला माणसं घरोघर गेली तर बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं नाव चालणार नाही. जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली त्यापायी. तेव्हा ओरड झालीच असणार, पण ते अडून बसले आणि पुढच्या वेळेपर्यंत बऱ्याच जणी नाव सांगायला लागल्या.

सरकारने बाईला सांगितलं की तू कुणाची बायको म्हणून मत देत नाहीस. पुस्तकाचे किती धडे लागले असते याला?

भातुकली | मंगळवार, १८:१०

हे माहीत नव्हतं. काटा आला अंगावर.

पण २८ लाख जणींचं त्या वेळचं मत गेलंच की. धडा शिकवला खरा, फी मात्र बायकांनीच भरली, नेहमीप्रमाणे.

मोहफूल | मंगळवार, २१:४४

मी गडचिरोलीचा. तुमच्या पुण्यात लोकसभेला २०२४ मध्ये ५३-५४ टक्के मतदान झालं, आमच्या गडचिरोली-चिमूरला ७० च्या वर. इकडं मतदान केंद्रावर हेलिकॉप्टरनं कर्मचारी आणावे लागतात, मतदानाची वेळ दुपारी तीनलाच संपते, तरी. तर कोणाला शिकवायची गरज आहे ते आधी ठरवा बाप्पा.

मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल, धानोरा तालुक्यात. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. लोकांना घोषणाच ठाऊक असते, खरी गोष्ट अभ्यास गटाची आहे. गावातले लोक बसून वनकायदा काय म्हणतो, बांबू कोणाचा, ठेकेदाराला परवाना कोण देतो यावर वर्षानुवर्षं चर्चा करायचे. बाहेरचा जाणकार बोलवायचे पण तो फक्त माहिती देणार, ठरवणार ग्रामसभा. आणि ठरवायचं सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढं ढकलायचा, त्याला समजावायचं किंवा त्याचं समजून घ्यायचं. २००९ ला अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूची वाहतूक करायला वनखातं पास देईना. २०११ ला केंद्रीय मंत्र्याला गावात येऊन पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं.

आता सांगा, इथं सरकारनं काय शिकवलं? गावानं सरकारला शिकवलं, त्याचाच कायदा वाचून दाखवून.

टपरीवरचा_चहा | मंगळवार, २१:५०

आजचा प्रतिसाद ऑफ द डे.

निळी_शाई | मंगळवार, २३:३०

मेंढ्याबद्दल आदर आहे, खरंच आहे. पण प्रत्येक चर्चेत शेवटी गाव येतं आणि सगळे डोळे मिटून मान डोलावतात, तेव्हा मला बोलावं लागतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा मांडला तेव्हाच्या भाषणात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे संविधानिक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे असं ते म्हणाले. या धाग्याचा विषय ७५ वर्षांपूर्वी असा दोन वाक्यांत आटपलाय. दुसरी गोष्ट, त्याच भाषणात त्यांनी गावाला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर म्हटलं आणि मसुद्यात गाव नाही तर व्यक्ती हा घटक धरलाय याचा आनंद व्यक्त केला. पहिलं वाक्य सगळे २६ नोव्हेंबरला बॅनरवर लावतात. दुसरं कोणी लावत नाही.

माझी आजी मराठवाड्यातल्या एका गावात राहायची. तिथे चावडीवर सर्वसहमती होतीच की! सगळे सहमत होते, कारण आमची माणसं बोलतच नव्हती. आजीला "गावात आम्हीच सरकार" म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, ते माहिताय मला, म्हणून तर पोराला शहरात पाठवला. तिला लांबचं सरकार हवं होतं. शाळेत नाव घालणारं, वसतिगृह देणारं, तलाठ्याला जाब विचारणारं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते गावाच्या सर्वसहमतीची वाट बघून केलं का?

त्यामुळे धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर, हो, सरकारचंच काम आहे. कारण घर, जात आणि गाव जे शिकवतं ते आम्ही बघितलंय.

मोहफूल | बुधवार, ०७:२०

ताई, तुमचं बरोबर आहे. मेंढा गोंडांचं गाव, एका समाजाचं, त्यामुळं तिथं जमते ते दहा जातींच्या गावात तसंच्या तसं जमणार नाही. मी स्वतः दुसऱ्या गावात राहतो आणि आमच्या ग्रामसभेत काय चालते ते मलाच माहीत. पण एकाच्या विरोधानं निर्णय थांबतो हा नियम उलटा धरून पहा. तुमच्या आजीचा एकटीचा नकार तिथं मोजला गेला असता. बहुमतात नसता मोजला.

निळी_शाई | बुधवार, ०७:५५

मोजला गेला असता, जर ती नकार द्यायला तिथे उभी राहू शकली असती तर. आणि उभं राहायची ताकद तिला नियमाने नाही, पोराच्या नोकरीने दिली. पण मुद्दा पोचला, विचार करते यावर.

बारदेशकार | बुधवार, १०:०२

गोंयकाराचे चार आणे. आमच्याकडे रविवारी सकाळी मासळी आणून झाली की ग्रामसभा. मोठमोठे बंगले, डोंगर कापणं, कुणाची जमीन कुठल्या झोनमध्ये गेली यावर असली वादावादी की बाहेरचा माणूस घाबरेल. कधीकधी पोलीस बोलवावे लागतात. पण २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या रेट्यापुढे २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, तो याच सवयीतून. आमचे लोक आराखड्याचे नकाशे वाचायला शिकले. शाळेत नाही शिकले, आपल्या डोंगरावर रंग बदललेला दिसला म्हणून शिकले.

आणि एक जुनी गोष्ट. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं अशी चिन्हं. मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणवाले, तर मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. लोकांना ठरवू द्यायचं तर सरकारने खुर्चीवरून उठायचं, हा धडा बघा कुठल्या पुस्तकात आहे का. आणि विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवलं ते एका मराठी दैनिकाने! (महाराष्ट्रवाल्यांनी हलके घ्या.)

काळी_मिरी | बुधवार, १०:१५

फूल हरलं ना? नंतर मात्र सगळीकडे फूलच :D

संपादक | बुधवार, १०:४०

पक्षीय टोलेबाजी नको. उद्देशिकेतल्या दोन शब्दांवरून (समाजवादी, धर्मनिरपेक्ष) सुरू झालेले चार प्रतिसादही उडवले आहेत. त्यावर वेगळा धागा आहे, पाचशे प्रतिसादांचा, तिथे भांडा.

उंटावरचा_शहाणा | बुधवार, १०:४४

लोकशाहीच्या धाग्यावर प्रतिसाद उडवले. नोंद घेतली आहे.

सातवा_माळा | बुधवार, १२:३०

मला कळत नाही आपण शाळा शाळा काय करतोय. मुंबई पुण्यात मार्च २०२२ ला महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर नगरसेवक नाहीत, प्रशासक. कोर्टात तारखा, आरक्षण, प्रभागरचना, पुन्हा तारखा, आणि जानेवारी २०२६ मध्ये एकदाचं मतदान झालं. जवळपास चार वर्षं! माझा पुतण्या २०२२ ला अठराचा झाला. २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ घेतली, सेल्फी पॉइंटवर फोटो काढला, आणि त्याच्या गटाराबद्दल कोणाला विचारायचं याचं उत्तर त्याला बावीस वर्षांचा होईपर्यंत नव्हतं. एवढ्यात त्याची डिग्री झाली, पहिली नोकरी धरून सोडली. ७४वी घटनादुरुस्ती त्याला परीक्षेला होती म्हणे. पाच वर्षांच्या आत निवडणूक घेणं बंधनकारक आहे असं लिहून मार्क मिळवले त्याने.

निवडणूक झाली तेव्हा पुण्यात चार बटणं दाबायची होती. बाहेर येऊन विचारतो, काका, आता गटाराचं या चौघांपैकी कोणाला सांगायचं?

सरकारने शिकवू नका, नुसतं वेळापत्रक पाळा.

खडूफळा | बुधवार, १३:०५

+१. आमच्या शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक एकदाही पुढे ढकललेली नाही हे अभिमानाने नमूद करतो.

उंटावरचा_शहाणा | बुधवार, १३:२०

मग कॉलेजात काय झालं ते पण बोला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका बंद झाल्या, हिंसा होते म्हणून. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत आणल्या, कागदावर. म्हणजे चौथीत आरोग्यमंत्री होता येतं आणि एकोणिसाव्या वर्षी वर्गप्रतिनिधी निवडता येत नाही, पण खासदार निवडता येतो. आणि ताईंच्या शाळेतल्या बाईंनी तरी वेगळं काय केलं? निकाल आवडला नाही, निवडणूक रद्द.

उपसरपंच_बाई | बुधवार, २२:५०

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

सात वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर मला उभं केलं. 'उभी राहिले' म्हणत नाही, उभं केलं, सासऱ्यांनी. पहिलं वर्ष मी सह्या केल्या. मग तालुक्याला तीन दिवसांचं सरकारी प्रशिक्षण झालं. तुम्ही हसाल, पण सरकारनं मला शिकवलं असं मी म्हणते. तिथं पिशवी, फोल्डर, जेवण सगळं होतं आणि बरंचसं भाषण डोक्यावरून गेलं. पण एक मॅडम होत्या, त्यांनी आमच्याच पंचायतीचा जमाखर्च काढायला लावला आणि म्हणाल्या, यात तुमच्या सहीनं किती पैसे गेले ते बेरीज करून सांगा. मी बेरीज केली. घाम फुटला. वित्त आयोगाच्या निधीतनं एक गटार झालं होतं, जे मी कधी बघितलंच नव्हतं. गावात नव्हतंच ते.

त्यानंतर मी सही करायच्या आधी वाचायला लागले. घरात महिनाभर कोणी बोललं नाही माझ्याशी. महिलांची ग्रामसभा मुख्य ग्रामसभेआधी घ्यायची असते, आमच्याकडं ती फक्त रजिस्टरवर व्हायची, घरोघर रजिस्टर फिरवून अंगठे. मी खरी घ्यायला लावली. पहिल्यांदा नऊ बायका आल्या. मुख्य ग्रामसभेचं पण तेच, शंभर माणसं किंवा पंधरा टक्के लागतात, येत नाहीत, मग तहकूब करायची आणि पुढच्या तारखेला पाचदहा जणांत उरकायची. आता सगळे पैसे ई-ग्रामस्वराजवर दिसतात, मोबाईलवर. मी बचत गटाच्या बायकांना ते बघायला शिकवलं. गटातली एक बाई सहावी शिकलेली आहे, ती आता ग्रामसेवकाला तारखेनिशी विचारते.

निळी शाई ताई, तुमच्या आजीचं वाचून रडू आलं. आणि मोहफूल दादा, आमच्यात सर्वसहमती नाही होत, भांडणंच होतात. पण आता भांडणात बायका पण असतात.

आणि ते गटार, ते नंतर झालं. अर्धं.

भातुकली | बुधवार, २३:०२

ताई, लिहीत राहा. कृपया.

श्टुटगार्टकर | गुरुवार, ००:१५

माझा अख्खा प्रतिसाद मागे घेऊन त्या मॅडमना जर्मनीला बोलवावं म्हणतो.

उंटावरचा_शहाणा | गुरुवार, ०८:३०

इथे मी गप्प. एक प्रश्न फक्त, त्या मॅडम अभ्यासक्रमात हे होतं म्हणून करत होत्या की स्वतःच्या मनाने?

उपसरपंच_बाई | गुरुवार, १३:४०

स्वतःच्या मनानं असणार. पुढच्या प्रशिक्षणाला त्या नव्हत्या. फोल्डर होतं.

पानपट्टी | गुरुवार, १४:००

अवांतर: "भारत माझा देश आहे" ही प्रतिज्ञा मूळ तेलुगूतली, १९६२ ची, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांची. रोज कोट्यवधी पोरं म्हणतात आणि लिहिणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. का आठवलं माहीत नाही, असंच.

भातुकली | गुरुवार, १४:२२

सोसायटीच्या कमिटीची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. फॉर्म भरतेय. या धाग्याने माझं डोकं फिरवलंय. चेअरमन काकांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?"

तिसरी_घंटा | शनिवार, २१:१०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडाभर उशीर झाला, कारण घरी आंदोलन चालू होतं.

खडूफळा गुरुजींचा नेमणूक आणि निवडणूक हा फरक मी लेकीला सांगितला, तिला तो लगेच पटला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिला. मी फक्त 'विषय' आणि 'महोदया' कुठे लिहायचं ते सांगितलं, बाकी मजकूर त्यांचा. "आमचे मत आवडले नसेल तर तसे सांगावे, पण आम्ही गंमत केली असे म्हणू नये." एकतीस सह्या. पहिली येणाऱ्या मुलीचीही आहे, म्हणाली मला तरी कुठे व्हायचं होतं मॉनिटर, सगळे माझ्याशी बोलायचे बंद झालेत.

मला वाटलं बाई चिडतील. चिडल्या नाहीत. वर्गात अर्ज मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाल्या, माझं चुकलं. लेक म्हणते बाईंचा आवाज जरा वेगळाच आला. मग ठरलं, निवडून आलेलाच मॉनिटर, एक महिना, त्यानंतर वर्गाने पुन्हा बसून ठरवायचं ठेवायचा की नाही. फळ्यावर लिहूनसुद्धा झालं.

सोमवारी त्याने पद घेतलं. गुरुवारी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाला, मॉनिटर झालं की दंगा करता येत नाही आणि वह्या फार जड असतात.

टपरीवरचा_चहा | शनिवार, २१:१२

पोटनिवडणूक कधी? सहा महिने प्रशासक नेमू नका म्हणावं.